द्राक्षवाल्याच्या घरातलं ब्रशाचं झाड

आईनं ते झाड घरी आणलं तेव्हा ती नुसती वीतभर काडी होती. औषधांच्या पिशवीत, ओल्या रुमालात गुंडाळलेली. मी गाडी चालवत होते, आई शेजारी बसली होती, आणि उमरगा सोडल्यापासून जळकोट येईपर्यंत तिनं ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. डायलिसिस करून निघालो की एरवी ती डोळे मिटून पडलेली असते. त्या दिवशी मात्र सारखी रुमाल उघडून बघत होती.

आठवड्यातून दोनदा आम्ही उमरग्याला जातो. मी तिथंच ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तिला दवाखान्यात सोडायचं, आपले तास घ्यायचे आणि तिला घेऊन परत अणदूरला यायचं, असं आता अंगवळणी पडलं आहे. अणदूरच्या बाहेर आमची द्राक्षबाग आहे आणि बागेतच घर. घरात आम्ही तिघं, आई, आप्पा आणि मी. माझ्या लग्नाचं विचारायचं गावानं आता सोडून दिलंय, आणि त्याबद्दल मी गावाची आभारी आहे.

ती काडी दिली होती आईच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईनं. दवाखान्याच्या आवारात जनरेटरच्या खोलीला लागून एक झुडूप होतं. ती बाई आईच्या आधीपासून तिथं यायची, त्यामुळं तिनं ते फुललेलं बघितलं होतं. "फुलल्यावर बगाच, बाई," एवढंच ती म्हणायची. कसलं फूल, रंग कोणता, असं विचारलं की हसायची. सांगून काय कळतंय, म्हणायची. एके दिवशी घरी जाता जाता तिनं स्वतःच काडी मोडून आईच्या हातात दिली. पुढं ती यायची थांबली. डायलिसिसच्या खोलीत कुणी यायचं थांबलं की कुणी चौकशी करत नाही, खाट दुसऱ्याला मिळते. मग आवारात फरशा बसवल्या, त्यात ते झुडूपही गेलं. त्या झाडाचं म्हणून जगात आईजवळची काडी तेवढी उरली. आईनं मनाशी ठरवूनच टाकलं की याचं फूल बघायचं.

"ती म्हणली ते खरं हाय का, तेवढं मला बघू दे," असं ती म्हणायची. कुणाला उद्देशून म्हणायची कुणास ठाऊक. आमच्यापैकी कुणाच्या हातात ते नव्हतं.

तेलाच्या डब्याचं तोंड कापून तिनं त्यात बागेतली माती भरली आणि काडी रोवली. वरून प्लास्टिकची पिशवी पालथी घातली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, द्राक्षवाल्याच्या बायकोला काड्या कशा लावायच्या ते शिकवावं लागत नाही. त्या काळात डॉक्टरांनी तिचं पाणी फार कमी केलं होतं. दिवसभराचं पाणी एका बाटलीत भरून ठेवायचं आणि तेवढ्यातच भागवायचं. आमच्याकडचा उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही शिक्षा काय आहे ते कळेल. आप्पा तर तिच्यासमोर तांब्याला तोंड लावत नाहीत, बागेत जाऊन मोटारीजवळ पाणी पिऊन येतात. आणि आई त्या डब्यात चांगलं गडूभर पाणी ओतायची, अगदी तब्येतीत. "मला न्हाय तर न्हाय, ह्याला तरी पोटभर मिळू दे," म्हणायची. एवढ्या पाण्यानं काडी कुजेल असं मी सांगून बघितलं. कुजली नाही. श्रावणात तिला पानं फुटली.

आता माझी पंचाईत सुरू झाली. हे झाड कुठलं?

गावात ज्यानं त्यानं आपापलं नाव ठेवलं. पानं अरुंद आणि ताठ होती, म्हणून बऱ्याच जणांनी कण्हेर ठरवली आणि जनावरांपासून लांब ठेवा म्हणून सांगितलं. एकानं पान चुरगळून हुंगलं आणि ही निलगिरी, विहिरीचं पाणी आटवंल, असा निकाल देऊन गेला. मी फोनवर फोटो काढून ओळखायला टाकला तर फोननं तीन वेळा तीन नावं सांगितली. आईला या प्रकारात फार मजा येत होती. "आमची पोरगी एवढी शिकली, कॉलेजात पोरांना झाडंच शिकवती," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आन् घरच्या झाडाचं नाव इचारलं की फोन काढती."

मला राग यायचा, कारण ते खरं होतं. फूल बघितल्याशिवाय झाड ओळखणं म्हणजे नुसता पाठमोरा माणूस बघून त्याचं आडनाव सांगण्यासारखं आहे. तरी मी नाद सोडला नाही. एका सकाळी एक पान तोडून उन्हासमोर धरलं, तर सगळ्या पानभर सुईनं टोचल्यासारखे बारीक उजेडाचे ठिपके. त्या तेलाच्या गाठी. पानाच्या कडेकडेनं एक शीर गेलेली. चुरगळल्यावर तो उग्र, जरासा लिंबासारखा वास. जांभूळ, पेरू, लवंग, निलगिरी, सगळ्यांचं हेच लक्षण. मी धावत घरात गेले आणि आईला म्हणाले, कूळ सापडलं, जांभळाचं आहे.

"म्हणजे जांभळाची भावकी," आई म्हणाली. "बरं झालं. ओळखीतलं निघालं."

तिथून पुढं मला अंदाज आला. शेंडे कोवळे, गुलाबी झाक असलेले, त्यावर पांढरी मऊ लव. पानं काडीभोवती गोल गोल चढत गेलेली. हा बॉटलब्रश असणार, बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुलं येतात तो. शहरातल्या बागांत, सरकारी बंगल्यांच्या फाटकाशी दिसतो. त्या फुलाला पाकळ्या असतात पण नावापुरत्या, जो रंग दिसतो तो सगळा केसरांचा. पण त्यात लाल असतात, गुलाबी असतात, पिवळट पांढरेही असतात. आपला कोणता, ते फुलल्याशिवाय मी सांगू शकत नव्हते. मी आईला फोनवर फोटो दाखवले. तिनं चष्मा लावून बघितले आणि फोन परत दिला. "फोटोत काय, कुणीबी चांगलं दिसतंय," म्हणाली. "हे फुलू दे, मग सांगते."

फुलायला दोन-तीन वर्षं लागतात हे मला माहीत होतं. आईकडं किती वर्षं आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं. मी पहिली गोष्ट तिला सांगितली. दुसरी ती मला न विचारता समजून होती.

झाड डब्यात मावेना तेव्हा आम्ही ते अंगणात लावलं, ओट्यासमोर, आईला खुर्चीतून दिसेल असं. आणि अंगणात आलं म्हणजे ते आप्पांच्या हद्दीत आलं.

आप्पांच्या लेखी जगातलं प्रत्येक झाड हे कमीजास्त प्रमाणात द्राक्षच असतं. द्राक्षाचं असं असतं की माल निघाला की एप्रिलमध्ये वेल पार खरडून काढायचा, त्याला खरड छाटणी म्हणतात, आणि ऑक्टोबरात पुन्हा छाटायचं, घडासाठी. छाटणी चुकली की वर्ष गेलं. आप्पांचं सगळं आयुष्य या दोन छाटण्यांच्या मध्ये गेलेलं आहे. त्यांनी आमची जाई खरड छाटणीला धरली, लिंबू धरलं, एकदा शेजाऱ्यांची डाळिंबंही धरली आणि त्यावरून बोलाचाली झाली. त्यामुळं पहिल्या एप्रिलमध्ये मी कॉलेजातून आले तर आईचं झाड निम्म्यावर आलेलं, आणि आप्पा कात्री पुसत उभे.

"आप्पा, हे द्राक्ष न्हाय," मी म्हणाले.

"म्या कुठं म्हणलं द्राक्ष हाय. पर झाड हाय का न्हाय? छाटल्याबिगर फुटवा येतोय व्हय?"

आणि फुटवा आलाच. पानं शिल्लक होती, वय कोवळं होतं, झाड चहूबाजूंनी भरून आलं. आप्पांनी मला मुद्दाम बोलावून दाखवलं. मग ऑक्टोबरात त्यांनी पुन्हा शेंडे मारले. ब्रशाच्या झाडाला कळी शेंड्यालाच धरते, तिथंच कात्री चालली. दिवाळीच्या सुमाराला फुलायला हवं होतं ते फुललं नाही. आई रोज सकाळी खुर्चीत बसून शेंडे बघायची आणि चहा घ्यायची, तोही अर्धा कप.

पुढच्या एप्रिलमध्ये मी आप्पांना आडवी आले. अक्षरशः झाडापुढं उभी राहिले. सगळं समजावून सांगितलं. कळी कुठं धरते, हिरव्या पानाच्या खाली उघड्या लाकडावर कापलं तर या जातीला सहसा फूट येत नाही, आईला काय बघायचंय. ते खाली बघत ऐकत होते. मला वाटलं, आता भांडतील. पण त्यांनी कात्री माझ्या हातात दिली.

"तुझ्या आईसाठी मला काय करता येतंय, तूच सांग," म्हणाले. "रक्त मशीन धुतंय. गाडी तू चालवती. स्वयपाक बी तुझ्या हातचाच बिनमिठाचा तिला चालतोय. म्या काय करू?"

मी म्हटलं, "तुम्ही फक्त हात लावू नका." एका माणसाला त्याच्या बायकोसाठी काही न करण्याचं काम सांगितलं मी, आणि त्यांनी ते कबूल केलं. पावसाळाभर त्यांनी खरंच हात लावला नाही. झाडाजवळून जाताना हात मागं बांधून जायचे. आई हसायची.

भाद्रपद संपता संपता शेंडे जाड दिसायला लागले. मी भिंग घेऊन बघितलं. लव दाट झाली होती, कापसासारखी पांढरी, आणि तिच्या आत बारीक हिरवे दाणे एकाला एक चिकटून. कळ्या होत्या. बहुतेक सगळ्या शेंड्यांना. मी आईला खुर्चीतून उठवून नेलं आणि बोटानं दाखवलं. तिनं दाण्यांवरून अगदी हलकं बोट फिरवलं.

"किती दिस?" तिनं विचारलं.

"दिवाळीपर्यंत," मी म्हणाले. "आप्पांना सांगते."

"नगं. फुलल्यावरच दाखवू त्यांना," ती म्हणाली. नवीन लग्न झालेल्या मुलीसारखा चेहरा झाला होता तिचा.

दोनच दिवसांनी आईच्या छातीत पाणी भरलं. श्वास घेता येईना. उमरग्याच्या डॉक्टरांनी फोनवर सोलापूरला न्यायला सांगितलं. महामार्गावर तुळजापूरला पायी निघालेल्यांची गर्दी होती, गाडी कासवगतीनं चालली होती, मागच्या सीटवर आप्पांनी आईला टेकवून धरलं होतं आणि मी हॉर्न वाजवत रडत होते. ते चालणारे लोक वळून बघायचे आणि बाजूला व्हायचे. त्यांच्या हातात तेवढं होतं, तेवढं ते करत होते.

सोलापुरात आई आत आणि आम्ही बाहेर. डॉक्टर यायचे, सांगता येत नाही म्हणायचे आणि जायचे. मी शिकलेली म्हणून मला रिपोर्ट वाचायला द्यायचे. मला सगळे आकडे कळायचे आणि त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. आपल्याला कळतं आणि तरी करता काही येत नाही, यासारखी दुसरी हतबलता नाही, असं मला तिथल्या बाकड्यावर बसून वाटायचं. मधेच आप्पांना गावाकडं जावं लागलं, छाटणीची टोळी ठरलेली होती, ती पुढं मिळाली नसती. मीच त्यांना जा म्हटलं. खरं तर त्यांनी तिथं बसून माझ्याकडं बघत राहावं हे मला सहन होत नव्हतं.

आई वाचली. शुद्धीवर आल्यावर, नाकातली नळी काढल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "फुललं का?" मी आप्पांना फोन लावला नाही. वाटलं, तिला घरी नेऊ आणि तिचं तिलाच बघू दे. परतीच्या वाटेवर सोलापूर सुटल्यावर गाडीचा वेग आपोआप वाढला. आई काचेतून बाहेर बघत होती. लाल असेल का पांढरं, यावर आमची पैज लागली. ती लाल म्हणाली.

अंगणात झाड नव्हतं. अंगठ्याएवढ्या जाडीचे चार-पाच खुंट होते. एक पान नाही. वरची साल सोलून काढलेली, आतलं लाकूड पांढरं फटक, आणि कापलेल्या जागांना द्राक्षाच्या डोळ्यांना, म्हणजे फूट येते त्या जागांना, लावतात ती पेस्ट लावलेली, अगदी निगुतीनं, ब्रशानं.

आप्पा घरातून धावत आले. आईला धरून गाडीतून उतरवता उतरवता बोलायला लागले. असं भराभर बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "तू न्हवतीस आन् मिलीबग आला. समद्या शेंड्यावर. पांढरं फेक, कापसावानी. म्या बघितलं आन् माझा जीव गेला. तुझं झाड गेलं म्हणलं. मग टोळीला न्हाय हात लावू दिला, एकट्यानं केलं. शेंडे समदे काढून लांब नेऊन जाळले. साल काढली, सालीत दडून बसतंय ना ते. पेस्ट लावली. आता ऱ्हायला न्हाय एक बी. वाचलं बघ."

मिलीबग म्हणजे पिठ्या ढेकूण. द्राक्षाच्या बागेत तो पांढरा कापूस दिसला की बागाईतदाराची झोप उडते. आप्पांनी उभ्या आयुष्यात पांढरा कापूस बघितला की हेच केलेलं आहे, आणि दर वेळी बाग वाचवलेली आहे. सोलापूरला बायको अशी पडलेली, डॉक्टर सांगता येत नाही म्हणतात, आणि अंगणात तिच्या झाडाला कापूस. मला त्यांचा तो दिवस डोळ्यांसमोर दिसत होता. तरीही माझं तोंड उघडलं. आता मी ओरडणार होते. आईनं माझं मनगट धरलं. सलायननं सुजलेल्या हातात तेवढी ताकद कुठून आली कळलं नाही.

"बरं केलंत," ती आप्पांना म्हणाली. "तुमी होता म्हणून. आमाला काय कळलं असतं?"

आप्पा पिशव्या घेऊन आत गेले. पाठमोरे असले तरी डोळे पुसताहेत हे कळत होतं.

ते बागेत गेल्यावर मी आईच्या पायाशी बसले. "आई, त्या कळ्या होत्या."

"तूच दावल्या की मला."

"हे आता फुटणार नाही. साल सोलली की संपलं. तुला कळतंय का?"

"कळतंय." ती खुंटांकडं बघत होती. "म्या गेल्यावर ते ह्याच अंगणात बसणार हायेत, बाळ. बायकूला काय वाचवता आलं न्हाय, झाड तेवढं वाचवलं, असं वाटत असंल तर वाटू दे. तू सांगू नगंस. माझी आण हाय तुला."

मला तिचा राग आला. आप्पांचा आला, त्या पांढऱ्या लवेचा आला, इतकी वर्षं फळ्यावर खोडाच्या आकृत्या काढणाऱ्या माझा स्वतःचा आला. मग मी स्वयंपाकघरात जाऊन बिनमिठाची भाजी टाकली.

तेव्हापासून आमच्याकडं असं चाललं आहे. संध्याकाळी आप्पा आईची खुर्ची झाडासमोर नेऊन ठेवतात. दोघं खुंट बघत बसतात. "हितं फुगल्यावानी दिसतंय," आप्पा म्हणतात. आई वाकून बघते आणि व्हय म्हणते. मग दोघंही माझ्याकडं बघतात, मी कॉलेजात झाडं शिकवणारी, आणि मी सांगते, थंडीत डोळे उशिरा फुटतात. नर्सरीतून फुललेलं झाड आणून लावावं असंही माझ्या मनात आलं. पण ते त्या बाईनं दिलेलं झाड नसतं, आणि आईनं ते ओळखलं असतं.

परवा आईची झोप लागली होती. मी खिडकीशी वह्या तपासत होते, तर आप्पा अंगणात एकटेच दिसले. ते एका खुंटापाशी उकिडवे बसले आणि त्यांनी अंगठ्याच्या नखानं, खाली जिथं थोडी साल राहिली आहे तिथं, जरासं खरवडलं. वेल मेला की जिवंत आहे ते द्राक्षवाले असंच बघतात. हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी दिसलं तर उपटून टाकायचा. म्हणजे झाड मेलं की जगलं, हे त्यांना पहिल्या दिवसापासून बघता येत होतं की! सालीखाली हिरवं नव्हतं, मला खिडकीतूनही दिसलं. मग त्यांनी चिमूटभर ओली माती घेतली आणि नखाची ती जागा लिंपून टाकली, कुणाच्या लक्षात येऊ नये अशी. हात धोतराला पुसले. आत आले. आई जागी झाली होती.

"फुगतंय बरं का," ते तिला म्हणाले. "आता आठ-पंधरा दिस."

"येऊ दे सावकाश," आई म्हणाली. "मला कुठं जायची घाई हाय."